गच्चीवरचा पहिला दुधी

माय, आज सकाळी बघतो तर गच्चीवरचा दुधी खरोखर धरलाय. परवा करंगळीएवढा होता, आज चांगला वीतभर झालाय, अंगावर पांढरी लव घेऊन लटकतोय. मी जिन्यातूनच ओरडत खाली आलो. तुझ्या सुनेला वाटलं, मी पडलो. हे सगळ्यात आधी तुला सांगायचं असं मनात आलं आणि शेवटच्या पायरीवर लक्षात आलं, की तू जाऊन किती वर्षं झाली. म्हणून लिहायला बसलोय.

झालं असं, की वाळूजच्या कंपनीतून मी निवृत्त झालो आणि घरात नुसता घिरट्या घालायला लागलो. स्वयंपाकघरातले डबे उगाच इकडचे तिकडे लाव, गॅस बारीक कर. शेवटी तुझी सून म्हणाली, "अहो, माझं डोकं नका खाऊ. गच्चीवर जा आणि चार रोपं लावा." मला आयतंच सापडलं. म्हटलं, देवगाव रंगारीच्या शेतकऱ्याचा पोरगा मी, मला कोण शिकवणार? गावाकडून टेम्पोत घालून काळ्या मातीची पोती आणली आणि ती चिकण माती निळ्या ड्रमांमध्ये ठासून भरली. ड्रमांना तळाशी भोकं काही पाडली नाहीत. सिडकोत नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, मग थेंब तरी का वाया घालवायचा? एकाच ड्रमात टोमॅटो, वांगी, मिरच्या आणि कडेनं मेथी. जागा निवडली पाण्याच्या टाकीमागची, दिवसभर सावलीची, रोपांना ऊन लागू नये म्हणून! पानं पिवळी पडली तेव्हा वाटलं, तहानली असतील. आणखी पाणी घातलं. आणखी पिवळी पडली. मग आणखी घातलं.

ड्रमांना वास सुटला तेव्हा कुठं मला भोकं आठवली. भर दुपारी ड्रिल घेऊन सगळ्या ड्रमांना एकदमच पाडली. आत साचलेलं काळं पाणी गच्चीच्या पन्हाळीतून थेट खालच्या गॅलरीत गेलं. तिथं आपांनी ईदच्या शेवया वाळत घातल्या होत्या. आपा म्हणजे आमच्या खालच्या घरातल्या, मूळच्या सिल्लोडच्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. त्या भिजलेल्या शेवयांची परात घेऊनच वर आल्या.

"भाऊ, ह्ये काय गंदं पाणी सोडलंय? लई मेहनतीनं केलत्या मी! ह्ये डबे हटवा, नाय तर मी मीटिंगमधी सांगते. गच्ची काय एकट्याची हाय का?"

रोपं तर मेलीच होती, आता गच्चीही जाणार. आयुष्यभर मशीनवर काम केलेल्या माणसाला साधी मेथी पिकवता येऊ नये? त्या संध्याकाळी मी त्या ड्रमांपाशी बसलो होतो आणि एकदम तू दिसलीस.

परसात तू वाल टोचलेत. मी रोज बोटानं माती उकरून कोंब आला का बघतोय. तू भाकरी थापता थापता उठून येतेस, हाताला पीठ तसंच. मला वाटतं, आता पाठीत धपाटा बसणार. पण तू शेजारी बसतेस आणि म्हणतेस, "आरं, त्याला जरा एकटं ऱ्हाऊ दे की. तू सारखं त्याचं तोंड उघडून बघितलं, तर त्यानं घास कवा गिळायचा?" मला हसू येतं. तुलाही येतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आपांकडे गेलो. तुझ्या सुनेनं रवा-मैदा नेला होता. "शेवया पुन्हा करू," ती म्हणाली, "आणि यंत्र हे फिरवतील." मी मुकाट्यानं दांडा फिरवत बसलो. आपा शेवया पसरता पसरता माझ्या हाताकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "हात तर चांगला चालतो भाऊ तुमचा. मंग झाडंच कशी मारता?" तुझी सून इतकी हसली, की शेवयांची लडी तिच्या हातातून निसटली. निघताना आपा म्हणाल्या, "डबे ऱ्हाऊ द्या. पण एकात माझा पुदिना लावायचा, आन् खाली ताटल्या ठेवायच्या."

मग सगळं पहिल्यापासून. काळ्या मातीत वाळू मिसळली, वाळका पाला आणि शेणखत घातलं, ड्रम उन्हात सरकवले, एका ड्रमात दुधीचा एकच वेल. बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी. आपांचा पुदिना तर असा माजला, की सगळ्या बिल्डिंगला चटणी पुरली! पण दुधीची फुलं यायची आणि गळून जायची. मी पुन्हा घाई केली, मूठभर युरिया टाकला आणि पानांच्या कडा जाळून घेतल्या. तेव्हा मात्र हात आवरला आणि नुसता बघत बसलो. काही फुलांच्या मागं इवलासा दुधी असतो, ती मादी; काहींच्या मागं नुसता देठ, ती नर. आणि एवढ्या उंचावर, सगळीकडे सिमेंट, फुलांवर एक किडा फिरकत नव्हता.

दुधीचं फूल दिवेलागणीला उमलतं. त्या वेळी मी एक नर फूल तोडलं आणि मादी फुलाला हळूच टेकवलं. आपा पुदिना खुडत होत्या. "या अल्ला! भाऊ, फुलांचं लगीन लावताय व्हय?" त्यावर तुझ्या सुनेनं खाली जाऊन खरोखर मूठभर अक्षता आणल्या आणि आम्ही तिघांनी त्या वेलावर टाकल्या. माय, कितीतरी दिवसांत मी इतका हसलो नव्हतो. कंपनीतून बाहेर पडल्यापासून तर नाहीच.

आता हा कागद कुठं पाठवायचा? घडी घालून माझ्याच खिशात ठेवतो. गच्चीवर आणखी एक मादी कळी उमलायच्या बेतात आहे, तिकडं जायचंय. जाता जाता एक सांगून टाकतो, तू असताना कधी धीर झाला नाही. मला दुधीची भाजी मुळीच आवडत नाही.