डाव्या पायाची जागा

कासू, ता. ८ एप्रिल १९९६

चि. नम्रता हीस गिरजाआजीचे अ. उ. आ.

मी हाय तशी हाय. तुम्ही मायलेकी तिकडं अष्टमी गावात नीट जेवत असाल असं धरून चालते.

तुझा बाप हिरामण जाऊन महिना झाला. आता त्याच्या गाडीचं बोलू. अंगणात उभी हाय, टपावर कोंबड्या बसतात. रामवाडीचा बाबाजी मेस्त्री बघून गेला. इंजिन ठणठणीत म्हणाला, पण आपोआप बदलणारा गिअरबॉक्स गेला. इंजिन ओरडतं, चाकं ढिम्म. त्यानं आतलं जळकं तेल काढून नवं लाल तेल भरलं. गाडी फाटकापर्यंत गेली नि तिथं बसली. गड्यांनी ढकलत आणली. स्टिअरिंग मी धरलं होतं, हसू नको.

तसलाच गिअरबॉक्स मुंबईच्या भंगारातून आणायचा तर गाडीपेक्षा महाग, वर खात्री नाय. टॅक्सीचा क्लचवाला बसवला तर स्वस्तात होतं, सामान पेणमध्येच मिळतं. नायतर गाडी हरेश भंगारवाल्याला. तो मेला दोनदा टायर दाबून गेला.

हिरामणचा डावा पाय कंपनीतल्या अपघातात गेला, क्लच दाबायला पाय नाय, म्हणून ही परदेशी गाडी घेतली. आता ती अडचण उरली नाय. क्लच बसवू म्हणते. जूनपासून शाळेची पोरं गाडीतून तू नेणार, तर तू सांग. कोंबड्यांना घाई नाय, मला हाय.

तुझी आजी

अष्टमी, ता. १५ एप्रिल १९९६

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आई स्वयंपाक करते, भांडी घासते, दोघी जेवतो.

क्लच नको गं. बाबांनी मला मिठागराच्या बांधावर गाडी शिकवली, तेव्हा म्हणाले होते, डावा पाय मांडीखाली घे, उगाच मध्ये लुडबुडतो. अजून तशीच बसते, पंगतीला बसल्यासारखी. रोह्याच्या ड्रायव्हिंग क्लासला गेले, तर मास्तरांनी पाय खाली सोडायला लावला. तो नुसता थरथरत राहिला. पोरं हसली, मी उतरून घरी आले.

शाळेचं काम गेलं तर आमच्याकडे दुसरं काही नाही, हे कळतं. पण क्लच बसला की ती बाबांची गाडी राहणार नाही, आणि मला चालवताही येणार नाही. आई म्हणते, राहू दे उभी.

रागावू नकोस. तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझी नम्रता

कासू, ता. २ मे १९९६

चि. नम्रता हीस अ. उ. आ.

अक्षर मोठं काढत जा, डोळे फुटले माझे.

तुझ्या बापाला डावा पाय असता तर त्यानं क्लचच शिकवला असता. नव्हता, म्हणून मांडीखाली घे म्हणाला. त्याची अडचण हुती ती गो, तू तिची रीत करून बसलीस. धडधाकट पाय दुमडून ठेवलास तर शाळेची पोरं कोण नेणार, कोंबड्या?

क्लच बसवून घेतला. जुना गिअरबॉक्स हरेशनं नेला. मेस्त्री म्हणाला, आठवण म्हणून ठेवा. म्हटलं, ठेवू कुठं, देवघरात?

काम झाल्यावर गाडी मी झाडली. सीटखाली त्याची तंबाखूची डबी मिळाली, ती तुझ्या आईला, सरूला दे. उजव्या पायाखालची चटई पार फाटलीय, खालचा पत्रा दिसतो. डाव्या बाजूची कोरीच्या कोरी हाय. इतकी वर्षं गाडी चालली, तिथं कोणाचा पाय टेकला नाय.

रविवारी सकाळच्या एस्टीनं ये. बाबाजी बांधावर शिकवायला येणार हाय, मी मागं बसेन. चप्पल काढून बस. पाय थरथरला तर थरथरू दे.

माया हाय, ती लिहून दाखवत नाय.

तुझी आजी