पेट्याचे दुसरे टोक

म्हैसूर

प्रिय स्पृहा,

तुझा फोन बंद लागतो. म्हणून काल बोगादीला जाऊन तुझ्या बाबांकडून नाशिकच्या सिंधूमावशीचा पत्ता घेतला. त्यांनी मला आत बोलावले, चहा दिला. निघताना चप्पल घालत होतो तेव्हा म्हणाले, आता जेवते थोडे थोडे, असे मावशी सांगते. ते वाक्य अजून डोक्यातून गेलेले नाही.

पहिल्याच दिवशी तू मला दटावले होतेस, शरत, अहो-जाहो करायचे नाही, आपण एका वयाचे आहोत. तेव्हापासून 'तू' म्हणतो, पण लिहिताना हात अडखळतो. मी दहावीच्या पुढे गेलो नाही आणि आमच्या घरचे मराठी तुला ठाऊकच आहे, निम्मे कन्नड. म्हणून हे आधी कच्चे लिहिले. कुठे 'नुसते'च्या जागी 'सुम्ने' राहून गेले असेल तर हसू नकोस. किंवा हस. तुझे हसणे ऐकून फार दिवस झाले.

इकडे सगळे जिथल्या तिथे आहे. गोकुलमचे चॅनेलचे ऑफिस तसेच, खालच्या हॉटेलात योगासने शिकायला आलेले गोरे तसेच. तुझ्या टेबलावर आता प्रिंटर ठेवला आहे. रोज सकाळी पडद्यावर सुप्रभात म्हणणारे आपले नरसिंहमूर्ती सर सुट्टीवर गेले तेव्हा पडद्यावर पट्टी फिरवली, प्रकृतीच्या कारणास्तव. तुझ्या तक्रारीचा शब्दही नाही. मग लोकांच्या फळांच्या टोपल्या येऊ लागल्या. कोणी चामुंडीला अर्चना करून प्रसाद पाठवला. एक म्हातारे जोडपे नंजनगूडहून बसने आले आणि रिसेप्शनवर रडले, सकाळी आमच्या देवाबरोबर त्यांचेच दर्शन असते म्हणून. त्यांना काय सांगायचे? बिंदुमाधव सर स्वतः खाली आले, म्हातारीचे हात धरून म्हणाले, येतील अम्मा, लवकरच येतील. मी जिन्यात उभा होतो. मॅनेजर माणूस इतक्या मायेने बोलताना मी कधी ऐकला नव्हता. तू तक्रार घेऊन गेलीस तेव्हा त्यांनी तुला दाराबाहेर किती वेळ बसवले होते ते मला आठवले.

पेटा, म्हणजे हा म्हैसुरी फेटा, बांधणे आमच्या घरात पणजोबांपासून आहे. अप्पांनी मला शिकवताना एकच नियम घातला होता, बांधणाऱ्याने कपाळाच्या खाली बघायचे नाही. माणूस मोठा असो, लहान असो, आपले लक्ष घडीवर. मी तो नियम पाळला. सरांना तयार पेटा चालत नाही, रोज सकाळी ताजाच बांधलेला लागतो. कापड खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाते, दुसरे टोक कोणी ताणून धरल्याशिवाय घडी सरळ पडत नाही. ते टोक धरायला आधी मेकअपचा माणूस असे. तू आलीस आणि सर म्हणाले, ही मुलगी धरेल. मग मधेच कापड आपल्या मुठीला गुंडाळत तुला ओढत न्यायचे, म्हणायचे, अगं सोडू नको, पेटा बिघडेल, हा मराठा मला ओरडेल. सगळे हसायचे. तू टोक सोडायची नाहीस, कारण सोडलेस तर माझी घडी जाईल. हे मला तेव्हाच कळत होते. मी घडीकडे बघत राहायचो.

त्या सकाळी त्यांनी मला टाचण्या आणायला पाठवले. टाचण्या माझ्या खिशात होत्या. तरी पुन्हा म्हणाले, सोनेरी डोक्याच्या आण. परत आलो तर आतून कडी. दाराखालून पेट्याचे टोक बाहेर आले होते आणि ते हलत होते. मी दार ठोठावले, मग लाथही मारली. दार उघडले तेव्हा तू माझ्याकडे न बघता निघून गेलीस. सर आरशात बघत होते. म्हणाले, बांध.

हे सगळे मी बिंदुमाधव सरांना सांगितले. त्यांनी विचारले, दार बंद होते ना? मग तू काय पाहिलेस? मी म्हटले, कापड. ते म्हणाले, कापड काय साक्ष देणार? मग आवाज उतरवून म्हणाले, शरत, तुझे काम कायम करायचे माझ्या मनात आहे, उगीच गडबड नको. मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यांनाच ठरवू दिले.

गेल्या आठवड्यात सहाना भेटली, तुझ्या आधी तुझ्या जागी होती ती. आता कडकोळला, चॅनेलचे जुने सामान ठेवतात त्या गोदामात बसते. तिनेही तक्रार केली होती, हे मला माहीत नव्हते. तिचे पुढे काय झाले विचारले तर म्हणाली, माझा सत्कार झाला. वर्धापनदिनाला तिला स्टेजवर बोलावले. सरांनी स्वतःच्या हाताने तिच्या डोक्यावर पेटा ठेवला, शाल घातली, हार घातला. समोर हजार माणसे टाळ्या वाजवत होती. फोटोवाला म्हणाला, मॅडम, स्माईल, आणि ती हसली. तिच्या तक्रारीच्या समितीपुढे तो फोटो ठेवला गेला. मुलगी घाबरलेली दिसते का, एवढेच विचारले. तो पेटा मीच बांधला होता, स्पृहा. फार सुबक झाला होता. सहाना म्हणाली, अरे, मी सुम्ने उभी होते.

आमच्याकडे पाहुण्याच्या डोक्यावर पेटा ठेवला की त्याला ना म्हणता येत नाही. भर सभेत तो काढून कोण ठेवणार? हे त्यांना पक्के माहीत आहे.

आता ऐक. तुझ्या नावाचे आमंत्रण निघाले आहे, वर्षातली उत्तम सहायक निर्माती म्हणून. येण्याजाण्याचे तिकीट देतील, बाबांनाही पुढच्या रांगेत बसवतील. सर त्याच दिवशी परत येत आहेत आणि सत्कार त्यांच्याच हातून आहे. तुझ्या तक्रारीवर समितीची बैठक त्यानंतर ठेवली आहे. सभागृहात येऊ नकोस. बाबा भरीला घालतील, कटकट मिटेल म्हणतील, तरी येऊ नकोस. बैठकीला मात्र ये. मी साक्षीदार म्हणून नाव दिले आहे, त्याची पोच घेतली आहे. आत गेलो की दार, कडी, टाचण्या आणि ते हलणारे टोक, सगळे सांगणार आहे. एकट्याने सांगितले तर ते पुन्हा कापडच म्हणतील. अप्पांना हे पत्र वाचून दाखवले. ते म्हणाले, नियम मी चुकीचा शिकवला.

तुला आठवते, सर उशिरा येणार होते आणि स्टुडिओचे दिवे लावून बघायला तू त्यांच्या खुर्चीत बसली होतीस? मी तुला पेटा बांधला आणि तू आरशात बघून सगळ्या म्हैसूरला सुप्रभात म्हणालीस. आज बिंदुमाधव सरांनी सत्काराच्या पेट्यासाठी तुझ्या डोक्याचे माप विचारले. मी सांगितले, माहीत नाही.

तुझाच,
शरत