रांगेतल्या रिकाम्या जागेबाबत

गेल्या शरदातल्या एका सोमवारी सकाळी मी घरात असूनही ‘साहेब नाहीत’ असे भाच्याला सांगायला लावले. मी, एलायस नँकिव्हेल, वय एकोणपन्नास, गावशाळेत शिकलेला, उत्क्रांतीवर व्याख्याने देणारा, राहणार ट्रेवोरन, कॉर्नवॉल, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो, त्याचे मूळ त्या सकाळीच आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

घर बहीण लव्हडे हिला. सूक्ष्मदर्शक व चिमटे भाचा सायलस याला; या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. भर प्रार्थनेत मला नास्तिक म्हणणाऱ्या पाद्रीबाबांना माझे प्रार्थनापुस्तक द्यावे. पाने किती झिजली आहेत, ते त्यांनी बोट लावून पाहावे.

माकडापासून माणसापर्यंतच्या कवट्यांची रांग, जी मी गावोगाव दाखवली, ती संग्रहालयाला. मात्र शेवटची, माणसाची कवटी आता तिच्यात नाही. शवविच्छेदनगृहातून ती कायदेशीर मिळाली होती. रुग्णालयात मेलेल्या कुणा बेवारशाची, एवढेच मला ठाऊक होते.

त्याआधीच्या शनिवारच्या व्याख्यानात मी त्या कवटीचे दात दाखवले आणि सोमवारी, ते ऐकायला आलेली केझाया टोंकिन, एका कोळ्याची विधवा, दारात उभी राहिली.

“साहेब नाहीत? मग खिडकीत हलतंय ते काय, माकड?”

दार उघडावे लागले.

“माझा रूबेन द्या. मी रुग्णालयात पोचले तर म्हणाले, पुरला. तंबाखूचा पाइप धरून धरून दातांत पडलेली ती खाच त्याचीच.”

“बाई, अशी खाच निम्म्या कोळ्यांना असते.”

“आणि शेजारचा अर्धा दात? तो माझ्या हातच्या पावानं मोडला, लग्नाच्या पहिल्याच वर्षी!”

तो अर्धा दात मी कितीदा पुसला होता.

‘विचार करतो’ म्हणून मी तिला परत पाठवले. सायलस म्हणाला, “मामा, ती काढली तर रांग तुटेल. पाद्री म्हणेल, नँकिव्हेल घाबरला. नाहीतर दुसरी आणू.” दुसरी म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी. मी काहीच केले नाही. सारा हिवाळा तीच कवटी घेऊन बोललो. फक्त दात लोकांकडे येणार नाहीत अशी फिरवून ठेवत असे. रात्रीची प्रार्थना मात्र चुकवली नाही, याची आता अधिकच लाज वाटते.

गेल्या शुक्रवारी केझायाबाईंबरोबर जाऊन मी ती कवटी चॅपेलमागच्या दफनभूमीत पुरली. माती लोटून झाल्यावर त्या म्हणाल्या, “धड कुठंय ते नाही विचारत. तुम्हाला तरी कुठं ठाऊक असणार.” मला ठाऊक नव्हते.

उत्क्रांतीवरचा माझा विश्वास तसाच आहे, देवावरचाही. रांग पूर्ण हवी. तिथे माझी कवटी ठेवावी आणि खाली माझे नाव लिहावे. कायद्याने शरीर माझी मालमत्ता नाही, म्हणून हा हुकूम नव्हे, विनंती आहे. शेवटच्या दिवशी मला कुठून गोळा करायचे, ते देव पाहील. आज सकाळी डॉक्टरांसमोर मी तशा संमतीपत्रावर सही केली.

एलायस नँकिव्हेल
ट्रेवोरन, ९ मार्च १८७४

आम्हा दोघांदेखत सही झाली:
जॅगो पेंगेली, जहाजसुतार
केझाया टोंकिन, हिची खूण ✕