ओळंबा आणि तिरके खांब

धाकट्यास थोरल्याचे आशीर्वाद, पोचले तर घे. तुझी कंबर कशी आहे? माझे गुडघे होते तिथेच आहेत, फक्त आता बोलायला लागलेत. तीन वर्षांत तू ना माझा उंबरा ओलांडलास, ना चिठ्ठी धाडलीस, म्हणून मीच लिहितो. (राग मानू नकोस. मानायचाच तर वाचून झाल्यावर मान.)

तर गेल्या आठवड्यात पोराकडे गेलो होतो, तेव्हा सूनबाईने मला त्यांच्या शहरातली ती नावाजलेली बाग दाखवायला नेलं. शहर जुनं, बाग टेकडीवर, आणि कुणा थोर वास्तुरचनाकाराने आखलेली. आत जायला तिकीट, तिकिटाला ही लांब रांग. म्हटलं, एवढी माणसं उगाच उन्हात उभी राहायची नाहीत, काम चोख असणार. वर चढून बघतो तर काय, रस्त्याला टेकू दिलेले दगडी खांब एकजात तिरके! जणू सगळे मिळून पिऊन परतताहेत. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस हे बघून गप्प पुढे जाईल होय? लोक चष्म्यासाठी खिशात हात घालतात, तसा मी ओळंबा काढला (तो असतोच खिशात) आणि खांबाला लावला. दोरी वजनाने सरळ खाली, खांब भलतीकडे. मग कुठलाही गवंडी करील तेच मी केलं. ओरडलो, "बाहेर व्हा! पडतंय!"

अर्धी बाग रिकामी झाली रे. एक बाई तर चपला सोडून पळाली. शिट्टी फुंकत रखवालदार आला. "आजोबा, ते मुद्दाम तिरके आहेत!" म्हटलं, "मुद्दाम कोण तिरकं बांधतं?" तर म्हणतो, "टेकडी खांबांवर रेलते, म्हणून खांब टेकडीवर रेलतात. पाठीवर पोतं घेऊन तुम्ही ताठ चालता का?" जन्मभर पोती वाहिली मी, आणि हे मला शिट्टीवाल्याने शिकवावं!

सूनबाईने दिसेल त्याची माफी मागत मला वर नेऊन एका बाकावर बसवलं. बाक नागमोडी, आणि सगळा फुटक्या लाद्यांच्या तुकड्यांनी मढवलेला. निळा पिवळ्याला खेटून, मध्येच एका बशीचा काठ. पाठ अशी बसली त्यात, की उठवेना. तीन वर्षांपूर्वी तूही आपल्या अंगणात असाच ओटा केला होतास. मी त्याला चार माणसांत ओळंबा लावला, तुला 'तिरक्या' नाव ठेवलं आणि पहारीने तो फोडला.

सूनबाई म्हणाली, "बाबा, रडताय?"

"डोळ्यात सिमेंट गेलं."

"इथलं सिमेंट कधीच वाळलंय, बाबा." (फार बोलते, पण पोर गुणाची आहे.)

बाकी इकडे सगळं ठीक.

तुझा,
सरळसोट दादा

ता. क. अंगणात टेकायला जागा नाही. येशील तेव्हा थापी घेऊन ये.

आणखी ता. क. लाद्या आणू नकोस. तुझ्या ओट्याचा एकूण एक तुकडा न्हाणीमागे दोन पिंपांत आहे. तुझी वहिनी दरवर्षी फेकायला निघते, मी म्हणतो, राहू दे, लागतील.

शेवटचा ता. क. वहिनीने पत्र वाचलं. विचारते, एवढ्या रामायणात 'माझं चुकलं' कुठाय? पाकीट फाडून आतून बघ. लिहिलंय. तिरकं.