वत्सलानं सांगितलेली उत्तरं

मस्कत, ऑगस्ट १९९७

गायके सरांना धर्मराजचा नमस्कार.

पदवी झाली तर सुपरवायझर करतो, असं इथला मालक म्हणाला, म्हणून मी तुमच्या अंबडच्या मुक्त विद्यापीठाच्या केंद्रात नाव घातलं. पण बारा तासांच्या ड्यूटीनंतर पुस्तक उघडलं की डोळा लागायचा. तुम्ही कौतुक केलेले माझे स्वाध्याय गावाकडं माझ्या बायकोनं, वत्सलानं, लिहिलेत. तेच वाचून मी परीक्षा देणार, असं तिला वाटायचं.

मे महिन्यात सुट्टी काढून परीक्षेला आल्तो. इतिहासाच्या पेपरात तीन तास नुसता बसलो. बाहेर वत्सला डबा घेऊन थांबली होती. तिनं प्रश्नपत्रिका हातात घेतली आणि उभ्या उभ्या सगळी उत्तरं सांगितली. मी म्हणलो, "हेच लिहिलं बराबर."

निकाल तुम्हाला माहीतच आहे. तिचं पत्र आलंय. "माझीच उत्तरं चुकली असतील. तुमचं प्रमोशन माझ्यापायी गेलं. आता पुस्तकाला हात लावणार न्हाई."

सर, तिची उत्तरं बरोबर होती, एवढं तिला कळवा. मी कोरा पेपर दिला, हे मात्र सांगू नका.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहून राह्यलो. आधीची दोन्ही बॅगेत पडून आहेत.

कागदोपत्री तुमचा विद्यार्थी,
धर्मराज