तळ्यातल्या जिवात माणूस

५ जून
सरांचा आनंद गगनात मावत नाहीये! तळ्यातल्या एकपेशीय जिवात त्यांना पेशी एकमेकींना चिकटवणारं आपलंच प्रथिन सापडलंय — जवळजवळ अक्षरन् अक्षर माणसाचं. "अहो, ज्याला शेजारीच नाही त्याला हा गोंद कशाला? इथूनच सुरुवात झाली सगळ्याची!"
संगणकावरची तपासणी माझ्याकडे.

६ जून
पटत नाही. मासा, सरडा, स्पंज — सगळ्यांचं प्रथिन शेजारी मांडून पाहिलं. मासासुद्धा आपल्यापासून या जिवापेक्षा लांब! हे प्राचीन नाही. नमुना तयार करणाऱ्याचाच अंश त्यात पडलाय. थुंकीचा थेंब, कातडीचा कण.
सरांचा शोध फसला म्हणून मला बरं वाटलं का? थोडं वाटलं.

९ जून
सरांना सांगितलं. "झालं! दुधात मिठाचा खडा टाकायला बाई हजर!" मग चिडून — "नमुना मी स्वतः तयार केलाय. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही."
म्हणजे हा अंश सरांचा.

१० जून
नको ते दिसलं. नमुन्यात माणसाच्या डीएनएचे जे तुकडे आहेत, त्यातल्या निम्म्यांत एक अक्षर बदललंय, आणि तिथे प्रथिन मध्येच तुटतं. बदल ओळखीचा आहे. ज्या घराण्यांत तो असतो तिथे पोटाचा कॅन्सर येतो. गाठ धरत नाही — पेशी सुट्या होऊन आतल्या आत पसरतात. कळतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.
यंत्राची चूक? पुन्हा चालवलं. तेच.
सरांनी मला हे वाचायला दिलं नव्हतं. पण वाचून गप्प बसले तर मी कोण?

११ जून
त्यांच्या दारापर्यंत गेले. परत आले.

१२ जून
सांगितलं. सर बराच वेळ टेबलावरचं पेन फिरवत राहिले. "साठी उलटली, बाई. कधीतरी जायचंच." वर मलाच पाणी दिलं!
जागेवर आल्यावर सुचलं ते आधीच सुचायला हवं होतं. त्या तुकड्यांत पुरुषांतच असणाऱ्या वाय गुणसूत्राचा मागमूस नाही. ती बाई आहे! सर सुटले! लगेच फोन केला. हसतच सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.

१३ जून
सर दारातच उभे राहिले.
"नमुना केला त्या दिवशी मदतनीस रजेवर होता. नळ्या हिने भरून दिल्या. माझ्या लक्षातच नाही — घरचं माणूस धरतो कोण हिशेबात?"
मग म्हणाले, "हल्ली दोन घासांत पोट भरतं तिचं. मी म्हणायचो, बारीक झालीस, छान दिसतेस."