चिऱ्यानं सोडलेली पट्टी

बाई, गेल्या वर्षी मी आपल्या शाळेत जाऊन आले. तुमच्यावर कोसळलेली ती मागची भिंत नंतर सिमेंटनं बांधून काढली होती. बाकीच्या तीन मात्र अजून त्याच, मातीत बसवलेल्या जांभ्या चिऱ्यांच्या. त्यांनाही भेगा गेल्या होत्या आणि वर्ग देवळाच्या मंडपात भरत होते. कार्बनच्या तंतूंच्या पट्ट्या चिकटवून या भिंती वाचतील का, असं गावानं मी शिकवते त्या इंजिनिअरिंग कॉलेजला विचारलं आणि ते काम माझ्याकडे आलं. चौथीतली, पुढच्या बांकावरची मी. आज वयानं तुमच्याहून कितीतरी मोठी आहे.

तुम्ही मूळच्या इब्रामपूरच्या; डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात एका खोलीत एकट्या राहायचात. गोव्याची भाषा कोंकणी की मराठी, यावरून रस्ते अडवले जात होते ते दिवस. आमचे बाप तिठ्यावर एकमेकांशी हमरीतुमरीवर यायचे, पण पहिली ते चौथीच्या तुमच्या एकाच वर्गात पुस्तकातली मराठी सोडून दुसरं काही चालायचं नाही. निबंधात मी 'जनेल' लिहिलं, तर तुम्ही सगळ्यांसमोर उभं करून 'खिडकी' म्हणायला लावलंत. मी रडले. तुम्ही पुन्हा म्हणायला लावलंत.

चतुर्थीची सुट्टी संपून शाळा नुकतीच भरली होती. पाऊस नाही, चांगलं ऊन पडलंय. तुम्ही फळ्यावर भागाकार मांडताय. मागच्या भिंतीतून बारीक तांबडी माती गळायला लागते. तुम्ही खडू ठेवता, जाऊन भिंतीला तळहात लावता आणि वळता. "जनेलाकडल्यांनी पयलीं भायर सरात! धांवात!" तुमच्या तोंडून ती भाषा ऐकल्याबरोबर आम्ही जे घाबरलो, ते दप्तरं तिथंच टाकून पळालो. सगळी फणसाखाली पोचलो. तुम्हीही व्हरांड्यात आलात, आमच्याकडे पाहिलंत आणि परत आत वळलात. मग ट्रकातून चिरे ओतावेत तसा आवाज, आणि धूळ.

कशाला गेलात? कुणी म्हणालं छत्रीसाठी, कुणी म्हणालं पहिलीतल्या कुणाचं तरी दप्तर आणायला. माझी आई म्हणायची, "कोण रवलां काय अशें दिसलें आसतलें तांकां." तसं तुम्हाला वाटलंही असेल, पण आत कुणीच मागं राहिलं नव्हतं. सगळी बाहेर होतो.

आता मी काय करते ते सांगते. शाळेच्या कुंपणाचे चिरे आणले, त्यांवर पट्ट्या चिकटवल्या. वर पांढरा रंग, त्यावर काळे बारीक ठिपके. यंत्र पट्टी हळूहळू ओढतं आणि समोरचे दोन कॅमेरे फोटो घेत राहतात. कुठला ठिपका केसाएवढा जरी सरकला तरी संगणक ते ओळखतो आणि ताण आहे तिथं पडद्यावर लाल रंग चढतो. डोळ्यांना पट्टी अजून घट्ट दिसत असते, तेव्हा पडद्यावर तो लाल डाग तिच्याखालून पुढं पुढं सरकत असतो. कोरड्या चिऱ्यावर पट्टी बरीच टिकली. पण आपल्या भिंती पावसाळाभर पाणी पितात, म्हणून काही चिरे भिजवून पाहिले. त्यांच्यावरून ती लवकर सुटली. डिंक पक्का, पट्टी शाबूत; चिऱ्यानंच आपली पातळ साल सोडून दिली. ती तांबडी साल पट्टीला चिकटलेली पाहिली आणि मी उठून नळावर गेले. तोंड धुतलं. पुन्हा धुतलं.

पालकांचा पुढारी तेव्हा आपल्याच शाळेत तिसरीत होता. अहवाल द्यायच्या आधी तो घरी आला. "इमारत गेली जाल्यार शाळा गेली. इतकींशीं भुरगीं, तीं दुसऱ्या गांवांत धाडटले. बाईची शाळा ती, तूंच मारतली तिका?"

"बाईची म्हणूनच," मी म्हटलं.

मी लिहिलं: या भिंतींच्या आत मूल बसवू नये. यंदापासून मुलं बसनं शेजारच्या गावी जातात आणि शाळेला कुलूप आहे. परवा डिचोलीच्या बाजारात माझ्याच वर्गातली एक मैत्रीण मला पाहून तोंड फिरवून गेली. तुम्ही असतात तर मला काय म्हणाला असतात, आणि कुठल्या भाषेत, याचा विचार करत मी विकायला मांडलेल्या माशांच्या वाट्यांसमोर नुसतीच उभी राहिले.

हे पत्र कुठं पाठवणार? इब्रामपूरला तुमच्या भावाचं घर होतं, तेही आता बंद आहे. तरी एक सांगायचं राहिलं. चाचणी सुरू करण्याआधी मी सगळ्या विद्यार्थ्यांना खोलीबाहेर काढते आणि दार लावून घेते. यंत्राला जाळी आहे, त्यांना बाहेर काढायची काही गरज नसते. मुलांना वाटतं, तो प्रयोगशाळेचा नियम आहे. काचेपलीकडे ती गुपचूप उभी राहतात. मी आतच थांबते.